यकृतावरची एक ओळ : रामानुजन यांचा आजार आणि पदव्युत्तर परीक्षेची उजळणी

कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडी गावात नीलकंठेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. शैव संत अप्पर यांनी या स्थळावर पदे रचली, त्यामुळे तमिळ शैव परंपरेत त्याला मोठा मान आहे. समुद्रमंथनातून निघालेले हलाहल शिवाने प्राशन केले आणि ते कंठातच अडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या विषाचा दाह शमावा म्हणून येथे मूळ लिंगावर तेलाचा अभिषेक करतात. ओतलेले तेल लिंगातच जिरते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी ठेवला तरी या कथेचे वैद्यकीय अंग लक्षणीय आहे. विष पोटात गेले नाही, छातीत गेले नाही, ते कंठात थांबले, हे येथे निश्चित ठाऊक आहे. स्थान ठाऊक असल्यामुळे उपचाराविषयी शंका उरत नाही.

याच कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील एका लहान घरात वाढलेल्या माणसाच्या नशिबी ही निश्चिती नव्हती. श्रीनिवास रामानुजन २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेतपेट भागात वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. त्यांचा आजार शरीरात नेमका कोठे होता, यावर इंग्लंडमधील आणि मद्रासमधील डॉक्टरांनी तीन वर्षे मते मांडली. जठरात, फुप्फुसात, रक्तात, यकृतात, असे सारे अवयव सुचवून झाले. उपचार मात्र मुख्यतः क्षयाचे झाले. १९९४ साली रॉयल सोसायटीच्या इतिहासविषयक नियतकालिकात डी. ए. बी. यंग या अभ्यासकाने उपलब्ध पत्रे आणि नोंदी तपासून वेगळे निदान मांडले. ते होते यकृतातील अमीबाजन्य विकाराचे. आज तो देह तपासता येत नाही, म्हणून या निदानाला अंतिम म्हणता येत नाही. तरीही लक्षणांचा आणि पूर्वेतिहासाचा मेळ त्याच्याशी सर्वांत चांगला बसतो.

हे जुने प्रकरण आज उकरून काढण्याचे कारण नीट-पीजी ही परीक्षा आहे. तिच्याविषयीच्या राष्ट्रीय बातम्या गेली काही वर्षे तारखा, सत्रे आणि पात्रतागुण यांभोवतीच फिरत आहेत. २०२३ साली सर्व प्रवर्गांसाठी पात्रतेचे पर्सेंटाइल शून्यावर आणले गेले. २०२४ साली २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली आणि ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती ३ ऑगस्टला एकाच सत्रात घेण्यात आली. या प्रत्येक बातमीवर हजारो प्रतिक्रिया उमटल्या आणि त्यांतील संताप रास्तही होता. परंतु ही परीक्षा विचारते काय, आणि तिच्यासाठी तरुण डॉक्टर वर्षभर पाठ करतात काय, याची चर्चा क्वचितच होते. रुग्णाचा संबंध येतो तो तिथेच.

परीक्षेचे स्वरूप सर्वांना परिचित आहे. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ गुण वजा होतो. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे ४० प्रश्नांचे पाच भाग पाडले असून प्रत्येकाला ४२ मिनिटे दिलेली आहेत; एका भागाची वेळ संपली की मागे वळता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ६३ सेकंद मिळतात. या गतीला अनुरूप अशी उजळणीची एक संस्कृती निर्माण झाली आहे. तिचे एकक म्हणजे ‘वन-लायनर’. कायचिकित्सेचा, म्हणजे ज्याला विद्यार्थी नुसते ‘मेडिसिन’ म्हणतात त्या विषयाचा, हॅरिसनचा ग्रंथ हजारो पानांचा आहे. उजळणीच्या वहीत तो ‘हाय-यील्ड’ ओळींच्या काही पानांत मावतो. भ्रमणध्वनीवरील अॅपमध्ये या ओळी पत्त्यांसारख्या पिसल्या जातात. एका बाजूस रोगाची खूण, दुसऱ्या बाजूस त्याचे नाव.

अमीबाजन्य यकृतविद्रधीची ओळ या वहीत हमखास असते. विद्रधी बहुधा एकच, तोही यकृताच्या उजव्या खंडात; रुग्ण बहुधा तरुण वा मध्यमवयीन पुरुष; पू ‘अँकोव्ही सॉस’सारखा; औषध मेट्रोनिडॅझोल, आणि त्यानंतर आतड्यातील परजीवी नष्ट करणारे दुसरे औषध. या ओळीतील अँकोव्ही सॉस भारतातील किती विद्यार्थ्यांनी पाहिला असेल, हा कुतूहलाचा विषय आहे. कोकणातील विद्यार्थ्याला ‘अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा’ एवढे कोणी सांगितले असते, तरी उपमेला थोडा वास आला असता. पण परीक्षेत वास लागत नाही. ‘अँकोव्ही’ हा शब्द दिसला की ‘अमीबा’ हा पर्याय निवडायचा, एवढा प्रतिक्षेप पुरतो.

आता रामानुजन यांच्या आयुष्याकडे वळावे, आणि तेही एखादा कनिष्ठ डॉक्टर वॉर्डात नवा रुग्ण आल्यावर इतिवृत्त घेतो त्या क्रमाने.

वय २९. मूळ गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम. आहार काटेकोर शाकाहारी. १९१४ च्या मार्चमध्ये मद्रासहून बोटीने निघून एप्रिलमध्ये लंडनला पोहोचले; केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणिताचे संशोधन. १९१७ च्या वसंतात आजारी पडले. रात्री येणारा अनियमित ताप, वजनात मोठी घट, पोटातील वेदना. मधूनच बरे वाटणे, मग पुन्हा ताप. प्रथम केंब्रिजच्या शुश्रूषागृहात, पुढे मेंडिप टेकड्यांतील आणि मॅटलॉक येथील आरोग्यधामांत दीर्घ मुक्काम, मग लंडन आणि पटनी. १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि ट्रिनिटीची फेलोशिप हे दोन्ही सन्मान मिळाले ते आजारपणातच.

हे सारे वर्तमान आजाराचे वर्णन झाले. एवढ्यावरून थांबले तर तरुण भारतीय, रात्रीचा ताप, झिजत चाललेले शरीर, ही त्रयी कोणत्याही काळातील डॉक्टरला एकाच दिशेने ढकलते. १९१७ साली ती क्षयाकडे ढकलत होती. आजही ढकलते, आणि बहुसंख्य वेळा ती दिशा बरोबरच असते. क्षयाचा संशय घेणे ही त्या डॉक्टरांची चूक मुळीच नव्हती.

प्रश्न पूर्वेतिहासाचा आहे. १९०६ साली मद्रासच्या पच्चयप्पा महाविद्यालयात शिकत असताना रामानुजन यांना आमांशाचा तीव्र झटका आला आणि अभ्यास सोडून त्यांना काही महिने कुंभकोणमला घरी राहावे लागले. ही नोंद त्यांच्या चरित्रात आहे. रुग्ण म्हणून त्यांच्या निदानात तिला स्थान मिळाल्याचे दिसत नाही. आमांशानंतर आतड्यात राहिलेला अमीबा दीर्घकाळ निमूट राहू शकतो आणि मग रक्तमार्गे यकृतात जातो. यकृतात विद्रधी होतो तेव्हा बहुतेक रुग्णांना जुलाब नसतात, मलपरीक्षेत बहुधा काही सापडत नाही. म्हणून त्या क्षणी पोट बिघडले आहे का, असे विचारून भागत नाही. पूर्वी कधी, कोठे, किती दिवस, हे विचारावे लागते. उजळणीच्या वहीतील ओळीत हा काळाचा धागा नसतो. ओळीत ‘उजवा खंड’ असतो, अकरा वर्षांपूर्वीचा आमांश नसतो.

दुसरी नोंद आणखी बोलकी आहे. १९१० च्या आरंभी रामानुजन यांच्यावर अंडवृद्धीची, म्हणजे हायड्रोसीलची, शस्त्रक्रिया झाली. घरी पैसे नव्हते, एका डॉक्टरने ती विनामूल्य केली. इंग्लंडमध्ये बॅटी शॉ नावाच्या लंडनच्या तज्ज्ञाला ही शस्त्रक्रिया कळली आणि त्यातून त्याने तर्क बांधला की तेव्हा काढलेली गाठ कर्करोगाची असावी व आता तो यकृतात पसरला असावा. काळ पुढे सरकला, रुग्ण त्या गतीने खालावला नाही, आणि तर्क बाजूला पडला. परंतु तो का सुचला असावा, हे पाहण्याजोगे आहे. यकृताकडे बोट दाखवणारे काहीतरी त्या तज्ज्ञाला दिसल्याशिवाय यकृतातील कर्करोग त्याच्या मनात आला नसता. अवयव बहुधा बरोबर होता. पूर्वेतिहासातील घटनाही खरी होती, फक्त संबंध नसलेली. जी घटना जुळवायला हवी होती ती तिच्या तीन-चार वर्षे आधीची, आणि ती पुढे आली नाही.

उपाय त्या काळी उपलब्ध होता का? होता. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली कोलकात्यात एमेटीनची टोचणी अमीबाजन्य आमांश आणि यकृतविकारावर परिणामकारक असल्याचे दाखवले होते. पहिल्या महायुद्धात पूर्वेकडील आघाड्यांवर ब्रिटिश सैनिकांमध्ये आमांशाने थैमान घातले होते आणि लष्करी डॉक्टरांना अमीबा चांगलाच परिचयाचा झाला होता. म्हणजे ज्या वर्षी रामानुजन मॅटलॉकच्या थंड हवेत क्षयरोगी म्हणून पडून होते, त्या वर्षी त्यांच्या संभाव्य आजाराचे औषध ब्रिटिश वैद्यकाच्या कपाटात होते. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगायला हवे की तेव्हा सोनोग्राफी नव्हती, रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी नव्हती. यकृतातील खोलवरचा विद्रधी ओळखणे अवघड होते, आणि रुग्णही सोपा नव्हता. परंतु ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. तथ्य पुस्तकात होते, औषध कपाटात होते, पूर्वेतिहास रुग्णाच्या स्मरणात होता. तिन्ही एका खोलीत आले नाहीत.

२७ मार्च १९१९ रोजी रामानुजन मुंबईच्या बंदरात उतरले. पुढचे वर्ष मद्रास, कोडुमुडी, कोइंबतूर, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास असे गेले. मद्रासमधील नामांकित क्षयतज्ज्ञांचे उपचार त्यांना मिळाले. १२ जानेवारी १९२० च्या पत्रात त्यांनी हार्डी यांना ‘मॉक थीटा’ फलांविषयी कळवले. त्या फलांवर गणितज्ञ आजही काम करतात. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी सारे संपले.

येथवरचा युक्तिवाद वाचून ‘पाठांतराने घात केला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो घाईचा ठरेल, आणि ते दाखवण्यासाठी दुसरीकडे जाण्याचीही गरज नाही. रामानुजन यांचेच शिक्षण पुरेसे आहे. १९०३ च्या सुमारास त्यांच्या हाती जे पुस्तक पडले आणि ज्याने त्यांचे आयुष्य बदलले, ते जॉर्ज शूब्रिज कार यांचे ‘सिनॉप्सिस’. कार हे लंडनमध्ये खासगी शिकवणी घेणारे गृहस्थ होते. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेची तयारी करून घेताना जमवलेली टिपणे त्यांनी ग्रंथरूपाने छापली. सुमारे पाच हजार सूत्रे आणि प्रमेये, एकापाठोपाठ एक, क्रमांक घालून. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच, असली तर एखाद्या वाक्यात. आजच्या भाषेत ते शुद्ध ‘वन-लायनर’ पुस्तक होते, क्लासच्या सरांच्या नोट्स. कुंभकोणमच्या त्या किशोराने प्रत्येक ओळ हा प्रश्न मानला. हे खरे का असावे, हे आपल्याला काढता येईल का, यापुढे काय असेल, असे विचारत तो पाटीवर गणिते मांडत राहिला. पुस्तकाने उत्तरे दिली होती, त्याने त्यांचे पुन्हा प्रश्न केले.

आणि परीक्षेने त्याला काय दिले? कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली. पच्चयप्पा महाविद्यालयातून एफ. ए. ची परीक्षा दोनदा दिली, दोनदा नापास. गणितात अडचण नव्हतीच. इतर विषय भोवले आणि त्यांत शरीरक्रियाशास्त्र ठळक होते. पचनसंस्थेवरील प्रश्नाच्या उत्तरपत्रिकेत ‘हा धडा मला पचला नाही’ अशा अर्थाचे काहीतरी लिहून त्याने ती परत केली, अशी आख्यायिका चरित्रकार सांगतात. ज्या वर्षी पहिल्यांदा नापास झाला, त्याच वर्षी आमांशाने त्याचे आतडे पोखरले होते. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, तरी हा योगायोग चटकन विसरता येत नाही.

पाठांतराची बाजू वैद्यकात तर गणितापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तीव्र अॅलर्जीने घसा बंद होत चाललेल्या रुग्णासमोर ‘हे असे का होते’ याचा विचार करत बसणारा डॉक्टर कोणालाही नको. मांडीच्या बाहेरील स्नायूत अॅड्रिनॅलिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, ही ओळ जिभेवरच हवी. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयालेख बिघडला असेल तर आधी कॅल्शियम. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये इन्सुलिन सुरू करण्यापूर्वी पोटॅशियम पाहणे. हे असे ज्ञान आहे की ते आठवायला लागलेला वेळ रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो. अशा शे-दोनशे ओळी प्रत्येक डॉक्टरने झोपेतही म्हणाव्यात. तक्रार ओळींविषयी नाही. तक्रार आहे ती परीक्षा ओळीपाशीच थांबते याविषयी.

या बाबतीत तंजावरच्या मराठी दरबाराचा दाखला देण्याजोगा आहे. तिरुनीलक्कुडी आणि कुंभकोणम हा सारा प्रदेश त्याच राज्याच्या कक्षेतला. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र तपासले जाई. तेथे पडताळलेले उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यात गुंफले गेले. पद्य कशासाठी? लक्षात राहावे म्हणून. ती त्या काळची उजळणीची वही होती. पण त्याच दरबाराने आणखी एक गोष्ट जपली. नेत्ररुग्णांची केसपत्रे सरस्वती महालात आजही आहेत. रुग्णाची तक्रार काय, उपचार कोणता केला, पुढे काय झाले, याची नोंद त्यांत आहे आणि सोबत त्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. पद्य सर्वांसाठी एकच असते, केसपत्र एकाच माणसाचे. दरबाराला दोन्हींची गरज वाटली. आजच्या परीक्षेने पद्य ठेवले आणि केसपत्र गमावले, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

प्रश्नपत्रिका काढणारे यावर सांगतील की आता प्रश्न रुग्णकथेच्या रूपात असतात. असतात खरे. ‘३५ वर्षांचा पुरुष, दहा दिवस ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, तीन महिन्यांपूर्वी आमांश, निदान काय?’ अशा धाटणीचे. पण येथे पूर्वेतिहास प्रश्नातच वाढून ठेवलेला आहे. ‘तीन महिन्यांपूर्वी आमांश’ हे शब्द परीक्षार्थीला फुकट मिळतात. वॉर्डात ते मिळवावे लागतात. रुग्णाला त्यांचे महत्त्व ठाऊक नसते, त्याला ते सांगायला संकोच वाटतो, किंवा तो विसरलेला असतो. रामानुजन यांच्या बाबतीत नेमके असेच शब्द हरवले होते. ते हाती दिल्यावर निदान करणे हा कामाचा सोपा भाग आहे.

ओळीच्या पाठीमागे माणसे असतात याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आज उजळणीच्या वहीत ‘लाल विंचू – प्राझोसिन’ अशी जोडी सापडते. तीन शब्द, चार गुण. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा ही ओळ कोणत्याही पुस्तकात नव्हती. कोकणात लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, घामाने निथळत, ओकाऱ्या काढत येत. हातपाय गार पडत, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून ती दगावत. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि तासातासाला काय बदलते ते टिपत गेले. हृदयावरील परिणामांची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. विंचवाच्या विषाने शरीरात उसळणाऱ्या रसायनांचा मारा अल्फा ग्राहींवर होतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे तोंडी औषध वापरले. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याचे निष्कर्ष १९८६ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्राझोसिनपूर्व काळात अशा गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते, ते एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग मांडला : प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो.

येथे ओळीचा प्रवास उलट दिशेने झाला. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो, ही ओळ औषधशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. बावस्करांनाही असणार. तिच्या शेजारी त्यांनी महाडच्या विंचवाचे मूल ठेवले. पाठ असलेले ज्ञान आणि समोरचा रुग्ण यांच्यात जोड लावली गेली, म्हणून आज त्या जोडीची ओळ झाली आहे आणि तिच्यावर प्रश्न येतो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट इंटर्नशिपची. साडेचार वर्षांच्या शिक्षणानंतरचे हे सक्तीचे वर्ष तरुण डॉक्टरला वॉर्डात घडवण्यासाठी आहे. त्या वर्षात तो रुग्णाशेजारी उभा असतो आणि खिशातल्या भ्रमणध्वनीवर प्रश्नपेढी सोडवत असतो. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. पदव्युत्तर जागा त्याला मिळणार आहे ती प्रश्नपेढीमुळे. रात्री दोन वाजता एखाद्या म्हाताऱ्याला शांतपणे विचारलेल्या दहा प्रश्नांना कोठेही गुण नाहीत. जिथे गुण नाहीत तिथे वेळ जाणार नाही, हे इतके साधे आहे की त्यावर नैतिक व्याख्यान देण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट ‘नेक्स्ट’ची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात ही राष्ट्रीय निर्गमन परीक्षा आली, २०२३ च्या जूनमध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले आणि लगेचच ती लांबणीवर पडली. या नियमांत दोन टप्पे आहेत. पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा प्रात्यक्षिकाचा. वाचताना समाधान वाटते, पण तपशील निराळा आहे. पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता पहिल्या टप्प्यावर ठरते, दुसरा टप्पा केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगतो. म्हणजे रुग्णाशी बोलता येणे ही किमान अट आणि ओळी आठवणे ही गुणवत्ता. ज्या काळात कोणतीही ओळ यंत्राकडून क्षणात मिळते, त्या काळात ही वाटणी अधिकच विचित्र दिसते. लाखो परीक्षार्थींची तोंडी परीक्षा एकसारख्या निकषाने घेणे कठीण आहे, परीक्षक पक्षपाती असू शकतात, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मराठवाड्यातल्या वा तंजावर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला संगणकाची आंधळी तपासणी अनेकदा माणसापेक्षा अधिक न्याय देते.

म्हणून बदल संगणकावरील प्रश्नातच करणे हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे. रुग्णाची माहिती एकदम न देता टप्प्याटप्प्याने उघडावी, आणि प्रत्येक टप्प्यावर पर्याय म्हणून उत्तरे न ठेवता प्रश्न ठेवावेत. उदाहरणार्थ : २९ वर्षांचा पुरुष, तीन वर्षांपूर्वी कावेरीकाठच्या गावाहून आलेला, काही महिने रात्री ताप, वजन घटलेले, बरगडीखाली अधूनमधून दुखते. यापुढे कोणता प्रश्न प्रथम विचाराल? एक : घरात कोणाला क्षय होता का? दोन : पूर्वी कधी रक्त-आव पडून अंथरूण धरले होते का? तीन : कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का? चार : जेवणात काय घेता? चारही प्रश्न रास्त आहेत. जो विचारला जाईल त्याचे उत्तर पडद्यावर उघडावे, त्यातून पुढचे चार समोर यावेत, आणि गुण नुसत्या शेवटच्या निदानाला न देता तिथवर पोहोचायला किती व कोणते प्रश्न लागले यालाही द्यावेत. तिसरा पर्याय निवडणारा परीक्षार्थी बॅटी शॉच्या वाटेने जाईल. त्याला यकृतातील कर्करोगापासून माघारी फिरण्याची संधी ठेवावी, आणि त्या वळशाचा एक गुण वजा करावा.